म्हैसूरचे वकील आणि पॅरिसची चित्रकर्ती

इ.स. १७८८ च्या जून महिन्यात फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील तुलों या बंदरात एका जहाजाने नांगर टाकला. जहाजातून उतरले ते म्हैसूरच्या टिपू सुलतानाचे तीन वकील: मुहम्मद दरवेश खान, अकबर अली खान आणि मुहम्मद उस्मान खान. 'वकील' हा शब्द आज आपण न्यायालयापुरता वापरतो. परंतु अठराव्या शतकात एका दरबाराने दुसऱ्या दरबारी पाठविलेल्या प्रतिनिधीस वकील म्हणत. पेशव्यांचे वकील हैदराबादेस व दिल्लीस असत, तसे हे टिपूचे वकील फ्रान्सच्या राजाकडे निघाले होते. १७८७ च्या जुलैत त्यांनी पुदुच्चेरीचा किनारा सोडला होता. आफ्रिकेला संपूर्ण वळसा घालून तुलोंला पोचण्यास त्यांना जवळजवळ अकरा महिने लागले.

या प्रवासाचे राजकीय फळ फारसे चांगले निघाले नाही. पण त्यातून एक चित्र निर्माण झाले आणि ते आजही जगात आहे. फ्रान्सच्या राणीची आवडती चित्रकर्ती एलिझाबेथ व्हिजे-लब्रून हिने दरवेश खानाचे पूर्णाकृती व्यक्तिचित्र काढले. बेंगळुरूच्या किल्ल्यात ज्याचा लाकडी महाल आजही उभा आहे, येथून जवळच देवनहळ्ळीस ज्याचा जन्म झाला, त्या सुलतानाचा वकील पॅरिसमध्ये चित्रासाठी उभा राहिला, ही घटना या शहराच्या इतिहासाची आहे. आणि पुढे ज्या युद्धात मराठे, निजाम व इंग्रज म्हैसूरविरुद्ध एकत्र आले, त्या युद्धाशी तिचा संबंध असल्यामुळे ती मराठ्यांच्याही इतिहासाची आहे. १७८८ ते १७९२ या चार-पाच वर्षांत याच संघर्षाशी निगडित अशी आणखी दोन चित्रे युरोपीय चित्रकारांनी हाती घेतली: एक पुण्याच्या दरबाराचे, दुसरे श्रीरंगपट्टणच्या छावणीतले. ही तिन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहिली, तर तहनाम्यांतून चटकन न उमगणारी एक गोष्ट लक्षात येते. आपण कसे दिसावे हे ठरविण्याचा अधिकार माणसाच्या हातून कसा निसटत जातो, ती ही गोष्ट होय.

बंदरे आणि दरबार

तुलों हे फ्रेंच आरमाराचे भूमध्य समुद्रावरील मुख्य ठाणे होते. पूर्वेकडचा व्यापार, गुलामांचा व्यापार, युद्धनौकांची बांधणी या साऱ्यांवर फ्रान्सचे वैभव उभे होते आणि राजाला त्याची जाणीव होती. म्हणूनच पंधराव्या लुईच्या दरबाराने १७५३ मध्ये क्लोद जोझेफ व्हेर्ने या चित्रकाराकडे फ्रान्सच्या बंदरांची भव्य चित्रे काढण्याचे काम सोपविले. व्हेर्नेने मार्से, तुलों, बोर्दो अशा बंदरांची मिळून पंधरा चित्रे पूर्ण केली. धक्क्यावर चढउतार होणारी पिंपे, होड्या वल्हवणारे खलाशी, लांब देशांतून आलेले व्यापारी हे सारे त्यांत दिसते. राजाची तसबीर ही जशी सत्तेची खूण, तशीच बंदराची तसबीरही सत्तेचीच खूण मानली जात होती.

या व्हेर्नेचा आणि आपल्या चित्रकर्तीचा संबंध जवळचा होता. एलिझाबेथ व्हिजेचा जन्म १७५५ मध्ये पॅरिसमध्ये झाला. वडील लुई व्हिजे हे रंगीत खडूंनी व्यक्तिचित्रे काढीत. मुलीचे पहिले गुरू तेच. ती बारा वर्षांची असताना वडील वारले. त्या काळी मुलींना चित्रकलेच्या शासकीय शाळेत रीतसर प्रवेश नव्हता. तिने खाजगी संग्रहांतील जुन्या चित्रांच्या नकला करून आणि जाणत्या चित्रकारांना विचारून शिक्षण पुरे केले. त्या जाणत्यांत व्हेर्ने अग्रभागी होता. कोणत्याही एका परंपरेची नक्कल न करता निसर्गाकडे पाहावे, असा त्याचा तिला उपदेश असे. १७७८ मध्ये तिने त्याचे व्यक्तिचित्रही काढले. ते आज लूव्ह्र संग्रहालयात आहे.

पंधरा-सोळाव्या वर्षापासून ती व्यक्तिचित्रे काढून घरखर्चास हातभार लावीत होती. १७७४ मध्ये अधिकृत परवाना नसताना धंदा केल्याबद्दल तिच्या चित्रशाळेवर जप्ती आली. त्याच वर्षी तिने सेंट ल्यूक अकादमी या चित्रकारांच्या संस्थेचे सभासदत्व मिळवले. १७७६ मध्ये तिचा विवाह चित्रांचे व्यापारी जाँ-बातिस्त-पिएर लब्रून यांच्याशी झाला. १७७८ मध्ये तिने राणी मारी आंत्वानेत हिचे पहिले चित्र समोर बसवून काढले आणि तेथून तिचे दरबारी जीवन सुरू झाले.

पती-पत्नी १७८१ मध्ये फ्लँडर्सकडे प्रवासास गेली असता अँटवर्प या बंदरात रूबेन्स या थोर चित्रकाराचे एका स्त्रीचे चित्र तिने पाहिले. टोपीच्या काठाखालून चेहऱ्यावर पडलेला मिश्र उजेड तिला इतका भावला की, परतल्यावर तिने गवती टोपी घातलेले स्वतःचे चित्र त्याच पद्धतीने रंगविले. १७८३ मध्ये तिला राजकीय चित्रकला अकादमीचे सभासदत्व मिळाले. पती चित्रांचा व्यापारी असल्याचे कारण पुढे करून काहींनी विरोध केला होता. शेवटी राजाची आज्ञा निघाली तेव्हाच दार उघडले. अकादमीत एका वेळी चारांहून अधिक स्त्रिया नसाव्यात, असा तेव्हा नियम होता.

त्याच वर्षीच्या प्रदर्शनात तिने मारी आंत्वानेतचे एक साधे चित्र ठेवले. राणीच्या अंगात पांढऱ्या मलमलीचा सैल झगा, डोक्यावर गवती टोपी. लोक संतापले. राणीला अंतर्वस्त्रांत दाखविले असे कोणी म्हणाले. ल्यों शहराच्या रेशमी मागांना डावलून परदेशी सुती कापडाची भलावण केली असेही म्हटले गेले. ते चित्र काढून घ्यावे लागले आणि त्याजागी रेशमी पोशाखातील राणीचे चित्र लावण्यात आले. तलम मलमल ही मुळात हिंदुस्थानची ख्याती. बंदरांतून युरोपात शिरलेल्या त्या कापडाने एका राणीची बदनामी केली. दरबारी चित्रकाराच्या कामात केवढी जोखीम असते, हे व्हिजे-लब्रूनला तेथे उमगले असावे. चित्रातील व्यक्ती कितीही मोठी असो, तिचे रूप पाहणाऱ्यांच्या स्वाधीन होते.

चित्रासाठी उभा राहिलेला वकील

टिपूचे वकील १७८८ च्या जुलैत पॅरिसला पोचले. त्यांना पाहण्यासाठी रस्त्यांवर गर्दी लोटली. त्यांचे फेटे, त्यांचे जामे, त्यांच्या शाली यांच्या वर्णनांनी शहर भरून गेले. १० ऑगस्ट रोजी व्हर्सायच्या राजवाड्यात सोळाव्या लुईने त्यांची भेट घेतली. इंग्रजांविरुद्ध फ्रेंच फौजेची मदत ही त्यांची मुख्य मागणी होती. शिवाय टिपूला आपल्या राज्यात नवे उद्योग उभारण्यासाठी कारागीर हवे होते, झाडांची रोपे आणि बियाणे हवे होते. पण राजाचा खजिना रिकामा होता. वकील पॅरिसमध्ये असतानाच राज्याला देणी थांबविण्याची पाळी आली. इंग्रजांशी झालेला तह मोडण्याची फ्रान्सची तयारी नव्हती. मानाचे स्वागत, सेव्ह्रच्या चिनी मातीच्या भांड्यांच्या भेटी आणि काही कारागीर यांपलीकडे वकिलांच्या हाती काही लागले नाही.

व्हिजे-लब्रूनने त्यांना प्रथम नाट्यगृहात पाहिले आणि त्यांची चित्रे काढण्याची तिला इच्छा झाली. आपल्या आठवणींच्या ग्रंथात, जो तिने म्हातारपणी, १८३५ ते १८३७ या काळात प्रसिद्ध केला, तिने हा प्रसंग सविस्तर सांगितला आहे. निरोप पाठविला तेव्हा वकिलांनी नकार दिला. राजाने स्वतः सांगितले तरच आम्ही चित्रासाठी बसू, असे त्यांचे म्हणणे पडले. तिने राजाकडून तशी विनंती करविली, तेव्हा ते तयार झाले. तीही रंग आणि कापड घेऊन त्यांच्या मुक्कामी गेली. वकील तिच्या चित्रशाळेत आले नाहीत. आत येताच तिच्या हातांवर गुलाबपाणी शिंपडण्यात आले. दरवेश खान शस्त्रावर हात ठेवून उभा राहिला आणि ही मुद्रा त्याने स्वतःहून इतकी सहज घेतली की, तिने ती तशीच ठेवली.

चित्र सुमारे सव्वादोन मीटर उंचीचे आहे. वकील जवळजवळ प्रत्यक्षातल्या उंचीचा दिसतो. क्षितिज खाली ठेवल्यामुळे त्याची मान आणि फेटा आकाशावर उमटतात; पाहणाऱ्याला किंचित वर पाहावे लागते. युरोपात राजांची व सेनापतींची चित्रे अशी काढीत. एका परक्या, काळ्यासावळ्या, मदत मागण्यास आलेल्या माणसासाठी तिने तीच मांडणी योजिली. त्याच्या चेहऱ्यावर याचनेची छटा नाही. दुसऱ्या चित्रात तिने उस्मान खानाला त्याच्या मुलासह रंगविले.

पुढचा भाग अधिक बोलका आहे. दरवेश खानाचे चित्र सुकण्यासाठी वकिलांच्याच मुक्कामी ठेवले होते. ते परत मागितल्यावर खानाने देण्यास नकार दिला. त्याने चित्र आपल्या पलंगामागे लपविले होते, आणि त्या चित्राला अजून आत्मा हवा, असे त्याचे म्हणणे होते. शेवटी चित्रकर्तीने युक्तीने ते परत मिळविले. चित्र नाहीसे झाल्याचे कळताच खान आपल्या नोकरावर संशय घेऊन त्याचा जीव घेण्यास निघाला; पॅरिसमध्ये नोकरांना ठार मारण्याची रीत नाही, आणि चित्र राजालाच हवे आहे, असे दुभाष्याने समजावल्यावर तो शांत झाला. हकिकत सांगणारी व्यक्ती फ्रेंच आहे आणि ती पन्नास वर्षांनी सांगत आहे. त्यामुळे पौर्वात्य माणसाच्या लहरीपणाचे तिखटमीठ तिच्यात मिसळले असणे शक्य आहे. तरी एवढे उघड दिसते की, हे चित्र नेमके कोणाचे, काढणाऱ्याचे की ज्याचे काढले त्याचे, हा वाद दरवेश खानाने घातला. तो हरला, पण त्याने वाद घातला. बसायचे की नाही, कोणाच्या सांगण्यावरून, कोठे आणि कोणत्या ऐटीत, या साऱ्या गोष्टी त्याने ठरविल्या होत्या. या हकिकतीत ज्याचा जीव जाता जाता वाचला, त्या नोकराचे नाव मात्र तिने लिहिलेले नाही.

वकील त्याच वर्षाच्या अखेरीस ब्रेस्त या बंदरातून परत निघाले आणि १७८९ मध्ये पुदुच्चेरीस पोचले. त्यांची चित्रे १७८९ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात मांडली गेली तेव्हा बास्तीयचा तुरुंग पडून दीड महिनाही झाला नव्हता. ऑक्टोबरात जमावाने राजाराणीस व्हर्सायहून पॅरिसला आणले, आणि त्याच सुमारास व्हिजे-लब्रून लहान मुलीला घेऊन सामान्य प्रवाशांच्या गाडीतून देशाबाहेर पडली. राणीची चित्रकर्ती हीच तिची आता मोठी अडचण होती. पुढची बारा वर्षे तिने परमुलखात काढली. रोम, नेपल्स, व्हेनिस, व्हिएन्ना आणि शेवटी सेंट पीटर्सबर्ग. यांतील नेपल्स, व्हेनिस व सेंट पीटर्सबर्ग ही बंदरांची शहरे. जेथे व्यापार तेथे सरदार, सावकार आणि परदेशी वकील, आणि जेथे ते तेथे व्यक्तिचित्रांची मागणी. हातातल्या विद्येवर तिने मुलीला वाढविले आणि आपला मान राखला. १८०२ मध्ये ती पॅरिसला परतली. नंतर काही काळ लंडनलाही राहिली. १८४२ मध्ये सत्त्याऐंशीच्या घरात ती निवर्तली, तेव्हा तिच्या नावावर सहाशेहून अधिक व्यक्तिचित्रे जमा होती.

पुण्याचा दरबार

आता आपण त्याच काळातल्या पुण्याकडे वळू. १७८९ च्या अखेरीस टिपूने त्रावणकोरवर चाल केली आणि त्यातून युद्ध पेटले. १७९० मध्ये पेशवे, निजाम आणि इंग्रज कंपनी यांच्यात टिपूविरुद्ध तह झाला. पुण्यातील इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याने हा तह घडवून आणला आणि त्याबद्दल त्याला सरदारकीचा किताब मिळाला. या यशाचे स्मारक म्हणून दरबाराचे एक मोठे चित्र काढवून घ्यावे, अशी त्याची इच्छा होती.

हे काम जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराकडे गेले. त्याचा जन्म १७४७ मध्ये पीटरहेड या स्कॉटलंडच्या बंदरगावी झाला, शिक्षण ॲबर्डीनला. लंडनमध्ये चित्रकारांची दाटी झाली होती, म्हणून कंपनीची परवानगी काढून तो १७९१ मध्ये मुंबई बंदरात उतरला आणि पुढच्या वर्षी पुण्यास आला. तरुण पेशवे सवाई माधवराव आणि त्यांच्याजवळ बसलेले नाना फडणीस यांचे त्याने १७९२ मध्ये काढलेले तैलचित्र प्रसिद्ध आहे. ते लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आहे. महादजी शिंदे त्या वर्षी उत्तरेतून पुण्यास आले होते. त्यांचेही चित्र वेल्सने काढले. मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे नानांचा तो उभट, करारी चेहरा येतो, तो बहुतांशी वेल्सच्या कुंचल्यातून आलेला आहे. पेशव्यांच्या दफ्तरात कागदांची कमतरता नाही; पण त्या कागदांना चेहरे मिळाले ते असे.

पुण्यातील व्यवहार बरोबरीचा होता. पेशवे आपल्या वाड्यात, आपल्या गादीवर बसले. चित्रकार त्यांच्या सोयीने आला. तरीही पॅरिसच्या तुलनेत एक फरक होता. चित्र कोणासाठी आहे, त्यात काय दाखवायचे आहे, हे मॅलेट ठरवीत होता. तहाच्या दरबाराचे मोठे चित्र पुरे होण्यापूर्वीच, नोव्हेंबर १७९५ मध्ये, वेल्स तापाने वारला. त्याआधी काही दिवस, ऑक्टोबरच्या अखेरीस, सवाई माधवरावांचा अवघ्या एकविसाव्या वर्षी अंत झाला होता. महादजी आदल्या वर्षीच गेले होते. वेल्सची रेखाटने विलायतेस गेली आणि टॉमस डॅनियल या चित्रकाराने त्यांच्या आधारे ते चित्र १८०५ मध्ये पुरे केले. १७९० मध्ये तह झाला तेव्हा वेल्स हिंदुस्थानात आलेला नव्हता आणि डॅनियल दरबारात हजर नव्हता. म्हणजे ज्या प्रसंगाचे हे चित्र, तो प्रसंग दोघांपैकी एकाही चित्रकाराने पाहिलेला नव्हता. चित्र लोकांपुढे आले त्या वर्षी नाना हयात नव्हते, वसईचा तह होऊन गेला होता आणि मराठ्यांची सत्ता इंग्रजांच्या पंखाखाली गेली होती. बरोबरीच्या तहाचे चित्र पुरे होईपर्यंत बरोबरी उरली नव्हती.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. चित्रातला गणपती रंगमहाल शनिवारवाड्यातला. १८२८ च्या आगीत वाड्याच्या इमारती भस्मसात झाल्या. आज तेथे तट, दरवाजे आणि जोती आहेत. खांबांच्या रांगांनी सजलेला तो दिवाणखाना पाहायचा असेल, तर लंडनच्या टेट संग्रहालयातील या चित्राचाच आधार घ्यावा लागतो.

वेल्सच्या पुण्यातील वास्तव्यात मॅलेटच्या पुढाकाराने आणि पेशव्यांच्या संमतीने शनिवारवाड्यात चित्रकलेची एक शाळाही चालली. गंगाराम चिंतामण तांबट हा तिच्याशी संबंधित असलेला मराठी चित्रकार. त्याला सरसकट 'वेल्सचा शिष्य' म्हटले जाते. पण पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंड्याचे त्याने काढलेले चित्र नोव्हेंबर १७९० चे आहे. म्हणजे वेल्स मुंबईस उतरण्यापूर्वीच गंगाराम मॅलेटसाठी चित्रे काढीत होता आणि समोरचे पाहून काढीत होता. वेरूळ व इतर लेण्यांची त्याची रेखाटने आज अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संग्रहात जपलेली आहेत. वेल्सच्या मृत्यूनंतर ती शाळा टिकली नाही. मुंबईत जे. जे. कलाशाळा निघाली ती १८५७ मध्ये, म्हणजे बासष्ट वर्षांनी. एका माणसावर उभी असलेली शाळा त्या माणसाबरोबर संपते; मधल्या दोन-तीन पिढ्यांतील किती गंगाराम शिकायचे राहिले असतील, याचा हिशेब कोणत्याही दफ्तरात सापडणार नाही.

श्रीरंगपट्टणची छावणी

तिसरे चित्र याच युद्धाच्या अखेरचे. मार्च १७९१ मध्ये कॉर्नवॉलिसच्या फौजेने बेंगळुरूची पेठ आणि मग किल्ला जिंकला. परशुरामभाऊ पटवर्धन आणि हरिपंत फडके यांच्या मराठी फौजा त्या उन्हाळ्यात इंग्रजांना येऊन मिळाल्या. त्या वर्षी रॉबर्ट होम हा चित्रकार इंग्रज छावणीबरोबर होता. हाही बंदराचाच मुलगा. जन्म इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरील हल येथला. बेंगळुरूच्या पेठेच्या दरवाजाशी कर्नल मूरहाउस पडला, त्या प्रसंगाचे चित्र त्याने काढले. म्हैसूर प्रांतातील देखाव्यांचे त्याचे पुस्तक १७९४ मध्ये लंडनला निघाले.

१७९२ च्या फेब्रुवारीत टिपूला तह मागावा लागला. अर्धे राज्य, तीन कोटी तीस लाख रुपये आणि हमी म्हणून दोन पुत्र ओलीस, अशा अटी पडल्या. अब्दुल खालिक आणि मुईझुद्दीन ही कोवळ्या वयाची मुले कॉर्नवॉलिसच्या स्वाधीन झाली. होमने त्या प्रसंगाचे मोठे चित्र काढले; ते लंडनच्या राष्ट्रीय लष्करी संग्रहालयात आहे. कॉर्नवॉलिस वडिलकीच्या प्रेमाने मुलांचा हात धरतो आहे, असा त्याचा भाव आहे. गर्दीत एका कडेला काखेत चित्रांची वही घेतलेला होम स्वतःही उभा आहे. चित्रकाराने आपल्याला चित्रात जागा करून घेतली. त्या दोन मुलांना मात्र आपण कसे दिसावे, हे कोणी विचारले नव्हते. त्यांच्या भीतीचे, आईपासून दूर जाण्याचे दुःख त्या रंगांत नाही. विजेत्याची माया आहे. इंग्लंडमध्ये हा विषय फार लोकप्रिय झाला. अनेक चित्रकारांनी तो रंगविला.

दरवेश खानाने राजाची विनंती येईपर्यंत कुंचल्याला हात लावू दिला नव्हता. त्याच्या धन्याचे पुत्र चार वर्षांनी कोणाच्याही विनंतीवाचून चित्राचा विषय झाले. मधल्या काळात राज्य अर्धे झाले होते, आणि त्याबरोबर चित्रावरचा हक्कही गेला होता. मराठ्यांनी या विजयात वाटा घेतला होता. तुंगभद्रेपर्यंतचा मुलूख त्यांना मिळाला. आपल्याही दरबाराचे चित्र एक दिवस दुसऱ्याच्या सोयीने पुरे होईल, हे तेव्हा पुण्यात कोणाच्या मनात आले नसेल.

चित्रे वाचताना

दरवेश खानाचे चित्र जानेवारी २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे ७२ लाख डॉलरना विकले गेले. एकोणिसाव्या शतकापूर्वीच्या स्त्री-चित्रकाराच्या कोणत्याही चित्राला तोवर लिलावात एवढी किंमत आली नव्हती. ज्या वकिलाला फ्रान्सने सैन्य दिले नाही, त्याच्या तसबिरीला जगाने हे मोल दिले. टेट, रॉयल एशियाटिक सोसायटी, येल, लष्करी संग्रहालय; या साऱ्या हकिकतीतील एकही मोठे चित्र बेंगळुरूत किंवा पुण्यात नाही. ज्या बंदरांतून चित्रकार आले, त्याच वाटांनी चित्रे परत गेली.

याचा खेद करीत बसण्यात अर्थ नाही. चित्रे जतन झाली हेही खरे, आणि त्या परक्या चित्रकारांच्या हातात खरी विद्या होती हेही खरे. पण इतिहासाच्या पुस्तकातील चित्र म्हणजे घडलेल्या गोष्टीचा आरसा, अशी समजूत विद्यार्थ्यांची असते. ती समजूत सुधारणे हे शाळेचे काम आहे. नानांचे चित्र समोर आले की, ते कोणी काढले, कोणाच्या सांगण्यावरून, समोर बसणाऱ्याला नाही म्हणता आले असते काय, हे विचारावयास मुलांनी शिकले पाहिजे. आणि मग नजर कडेला वळली पाहिजे: पेशव्यांच्या मागे उभ्या असलेल्या सेवकांकडे, दरवेश खानाच्या त्या नोकराकडे, वेरूळच्या अंधाऱ्या लेण्यांत रेखाटने करीत असलेल्या गंगाराम तांबटाकडे. गंगारामचे नाव उरले, कारण त्याच्या चित्रांवर ते कोणीतरी लिहून ठेवले. त्या सेवकांची नावे कोणी लिहिली नाहीत.

शाळेच्या हीरक महोत्सवी ग्रंथातही जुनी छायाचित्रे असतात. त्यांतील पहिल्या रांगेतील पाहुण्यांची नावे सर्वांना ठाऊक असतात. मागच्या रांगेतील मुलांची, बाजूला उभ्या असलेल्या शिपायांची, प्रयोगशाळेच्या दारातील मदतनिसाची नावे अजून सांगू शकतील अशी माणसे आज हयात आहेत. बेंगळुरूसारख्या परभाषेच्या शहरात मराठी शाळा साठ वर्षे टिकली, ती पहिल्या रांगेइतकीच मागच्या रांगेच्या बळावर. माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या घरचे जुने शाळेचे छायाचित्र काढून, त्याच्या मागे पेन्सिलीने आठवतील तेवढी नावे लिहून ठेवावीत. दोनशे वर्षांनी ते चित्र पाहणाऱ्याला त्यातील माणसे परकी वाटणार नाहीत.